पावलाच्या सांध्यांचे आणि अस्थिबंधांचे चल प्रारूप : प्रकल्प नोंदी

१० जून २०२४

उजव्या पावलाचे असे एक प्रारूप तयार करावयाचे आहे, ज्यातील प्रत्येक महत्त्वाचा अस्थिबंध सोडवता येईल आणि पुन्हा लावता येईल. आमच्या शरीररचना विभागाच्या कपाटात पावलांचे सांगाडे पुष्कळ आहेत, परंतु ते सगळे तारेने आवळून बांधलेले आहेत. भौतिकोपचाराच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांची त्यांवरून हाडांची नावे पाठ होतात. टाच उचलली की कोणते हाड कशावरून सरकते, आणि सबंध शरीराचा भार येऊनही कमान बसत का नाही, हे मात्र त्यांवरून कळत नाही.

पावलात २६ हाडे असतात : मागच्या आणि मधल्या भागातील ७ टार्सल, त्यांपुढची ५ मेटाटार्सल आणि बोटांची १४. अंगठ्याच्या मेटाटार्सलच्या डोक्याखाली असणारी दोन लहान सेसमॉइड हाडे या मोजणीत धरत नाहीत, पण आम्ही ती बसवणार आहोत, कारण अंगठा वर वळवताना त्यांचे काम दिसते. विभागातील सुट्या हाडांच्या एका चांगल्या संचावरून साचे घेऊन रेझिनची हाडे ओतली आहेत. मूळ हाडांना छिद्रे पाडणे योग्य वाटले नाही.

प्रारूपात स्नायू दाखवायचे नाहीत, हेही आज ठरले. बास्माजियन आणि स्टेको यांनी १९६३ साली पायातील स्नायूंच्या विद्युत् हालचाली नोंदवल्या, तेव्हा एका पावलावर १०० ते २०० पौंडांचा स्थिर भार असताना तो हाडे आणि अस्थिबंधच पेलतात, आणि स्नायू भार ४०० पौंडांपर्यंत गेल्यावर मदतीला येतात, असे आढळले. चालताना आणि धावताना स्नायूंचा वाटा मोठा असतो, यात शंका नाही. परंतु स्वस्थ उभ्या असलेल्या माणसाची कमान प्रथम बंधांवर उभी असते, आणि आम्हाला तेच दाखवायचे आहे.

१४ जून

घोट्याच्या सांध्यापासून सुरुवात केली. नडगीचे हाड म्हणजे टिबिया आणि बाहेरच्या बाजूचे बारीक फिब्युला यांच्या खालच्या टोकांची मिळून एक खाच तयार होते व तिच्यात टॅलस या पावलाच्या सर्वांत वरच्या हाडाचा वरचा, रिळासारखा गोल भाग बसतो. हा भाग पुढे रुंद आणि मागे काही मिलिमीटरने अरुंद असतो. त्यामुळे पाऊल वर वळवले, म्हणजे उकिडवे बसताना वळते तसे, की रुंद भाग खाचेत शिरतो, फिब्युला किंचित बाहेर ढकलले जाते आणि सांधा घट्ट होतो. पंजा खाली केला की अरुंद भाग खाचेत येतो आणि सांध्याला थोडी ढिलाई मिळते. पायऱ्या उतरताना किंवा उडी मारून खाली येताना, पंजा खाली असतानाच घोटा का मुरगळतो, त्याचे अर्धे उत्तर या आकारातच आहे.

उरलेले अर्धे उत्तर बाहेरच्या बाजूच्या तीन बंधांत आहे. फिब्युलाच्या टोकापासून पुढे टॅलसच्या मानेकडे जाणारा अँटिरिअर टॅलोफिब्युलर, खाली टाचेच्या हाडाकडे जाणारा कॅल्केनिओफिब्युलर आणि मागे टॅलसकडे जाणारा पोस्टिरिअर टॅलोफिब्युलर. पहिला या तिघांत दुबळा असून पंजा खाली केल्यावर तोच ताणलेला असतो. म्हणून पाऊल आत वळून मुरगळले की बहुधा तोच प्रथम फाटतो. या तिघांसाठी वेगवेगळ्या जाडीची नायलॉनची दोरी घेतली आणि प्रत्येकीच्या टोकाला पितळी आकडी बसवली. पुढची दोरी सोडून पंजा खाली धरला, तर टॅलस खाचेतून पुढे सरकताना डोळ्यांना दिसतो. दवाखान्यात टाच हातात धरून पुढे ओढण्याची जी चाचणी करतात, तिचा अर्थ यापेक्षा सोप्या रीतीने समजावता येईल असे मला वाटत नाही.

आतल्या बाजूला डेल्टॉइड हा पंख्याच्या आकाराचा रुंद बंध आहे. तो इतका मजबूत असतो की जोरदार आघातात तो फाटण्याऐवजी पुष्कळदा आतल्या घोट्याच्या हाडाचा तुकडाच तुटून येतो. त्याचे वरवरचे आणि खोल असे दोन थर कॅनव्हासच्या दोन स्वतंत्र पट्ट्यांनी दाखवले. बाहेरचा घोटा आतल्या घोट्यापेक्षा खाली उतरलेला असतो, हे ओतलेल्या हाडांवरही स्पष्ट दिसते. पाऊल बाहेर वळण्यापेक्षा आत सहज वळते, त्याला हीही एक बाजू आहे.

२१ जून

टॅलस आणि टाचेचे हाड कॅल्केनियस यांच्यामधील सबटेलर सांध्याचे काम आठवडाभर चालले. हा सांधा विद्यार्थ्यांना सर्वांत अवघड जातो, कारण त्याचा अक्ष उभाही नाही आणि आडवाही नाही. मँटर यांनी १९४१ साली केलेल्या मोजमापांनुसार तो जमिनीशी सरासरी ४२ अंशांचा आणि पावलाच्या मध्यरेषेशी सरासरी १६ अंश आतल्या बाजूला कललेला कोन करतो. व्यक्तीव्यक्तींत यात बराच फरक पडतो. अक्ष असा तिरपा असल्यामुळेच पाऊल आत वळले की नडगी बाहेरच्या दिशेने फिरते आणि पाऊल बाहेर कलंडले की ती आत फिरते. प्रारूपात पितळी सळई त्याच कोनात टॅलसमधून बाहेर काढली आहे. ती भार घेत नाही. हात कोणत्या रेषेभोवती फिरवायचा एवढेच ती दाखवते.

दोन हाडांमधल्या सायनस टार्साय या बोगद्यात इंटरऑसिअस आणि सर्व्हायकल असे दोन बंध असतात. ते सांध्याच्या मध्यभागीच असल्याने हालचालीला आडकाठी न करता दोन्ही हाडांना एकमेकांपासून दूर जाऊ देत नाहीत. जागा अरुंद असल्यामुळे तेथे आकडी बसत नाही. म्हणून दोरी आरपार नेऊन टाचेच्या बाहेरच्या अंगाला गाठ घेतली.

या सांध्याचे महत्त्व सपाट फरशीवर कळत नाही. बांधावरून, खडकाळ वाटेवरून किंवा नांगरलेल्या शेतातून चालताना टाच एका बाजूला कललेली असूनही नडगी सरळ राहते, ती या सांध्यामुळे. जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात १९६८ साली डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी जो कृत्रिम पाय घडवला, त्याच्याबद्दल मला विशेष आदर वाटतो, तो याच कारणाने. उकिडवे बसणे, अनवाणी चालणे आणि उंचसखल जमिनीवर पाऊल टेकणे या आपल्याकडच्या गरजा ओळखून त्यांनी रबर आणि लाकूड यांच्या रचनेतून पावलाला कलंडण्याची मुभा दिली. सबटेलर सांधा हुबेहूब घडवणे त्यांना शक्य नव्हते; त्याचे काम मात्र त्यांनी जाणले होते.

२४ जून

छिद्रे पाडण्याचे काम प्रयोगशाळेतील मामांनी पूर्ण केले. दोन मिलिमीटरचे ड्रिल रेझिनला तडा न देता जाते, परंतु मेटाटार्सलांच्या मागची तीन क्युनिफॉर्म हाडे लहान असल्याने त्यांना आधी एक मिलिमीटरचे छिद्र पाडून मग ते रुंद करावे लागले. सांध्यांच्या पृष्ठभागांवर कूर्चेऐवजी पातळ फोमचा थर चिकटवला.

२ जुलै

आजची नोंद टॅलसच्या डोक्याविषयी आहे आणि ती मुद्दाम सविस्तर लिहितो, कारण आतल्या कमानीचे मर्म येथेच आहे.

टॅलसला एकही स्नायू चिकटलेला नाही. त्याच्या चहूबाजूंनी कंडरा, म्हणजे स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या दोऱ्या, जातात, पण एकही त्यावर बांधलेली नाही. वरून टिबियाचा भार येतो. खाली तो काही कॅल्केनियसकडे आणि काही टॅलसच्या पुढच्या नॅव्हिक्युलर या हाडाकडे जातो. म्हणजे आतल्या कमानीच्या माथ्यावर बसलेले हाड सर्वस्वी शेजारच्या हाडांच्या आकारावर आणि बंधांवर विसंबून आहे. त्याचे गोल डोके पुढे नॅव्हिक्युलरच्या खोलगट पृष्ठभागात आणि खाली कॅल्केनियसच्या आतल्या बाजूने पुढे आलेल्या सस्टेंटाक्युलम टॅलाय या फळीवर टेकते. या दोन आधारांच्या मध्ये मात्र जागा रिकामी राहते, आणि डोक्याचा खालचा, आतल्या बाजूचा भाग नेमका त्या रिकाम्या जागेवर येतो.

ती जागा प्लांटार कॅल्केनिओनॅव्हिक्युलर बंध भरून काढतो, ज्याला सगळे स्प्रिंग लिगामेंट म्हणतात. तो सस्टेंटाक्युलमपासून नॅव्हिक्युलरपर्यंत जातो. त्याच्या वरच्या बाजूला कूर्चेचा थर असतो, कारण तो नुसता बंध नसून सांध्याच्या वाटीचा तळ आहे. आतल्या बाजूने डेल्टॉइडचे तंतू त्यात मिसळतात आणि खालून टिबिआलिस पोस्टिरिअर या पोटरीतील स्नायूची कंडरा त्याला टेकू देत जाते.

यासाठी इलॅस्टिक वापरावे अशी सूचना एका सहकाऱ्याने केली होती. ती मी स्वीकारली नाही. हा बंध मुख्यतः कोलॅजेन तंतूंचा आहे आणि इतर बंधांप्रमाणेच तो फारच थोडा ताणला जातो. इलॅस्टिक लावले असते तर कमान खालीवर हेलकावत राहिली असती आणि विद्यार्थ्यांच्या मनात चुकीचे चित्र बसले असते. चपला दुरुस्त करणाऱ्या काकांकडून मऊ चामड्याचा दुहेरी शिवलेला तुकडा आणला, त्याच्या वरच्या अंगाला फोम लावला आणि त्याची दोन्ही टोके छोट्या स्क्रूंनी बसवली. बसवल्यावर टॅलसवर अंगठ्याने दाब दिला, तेव्हा डोके चामड्यावर टेकून थांबले. स्क्रू सैल केल्यावर तेच डोके खाली आणि आत घसरले, नॅव्हिक्युलर बाहेर वळले, आणि पुढचा पंजाही त्याच्याबरोबर बाहेरच्या दिशेने गेला. प्रौढ वयात टिबिआलिस पोस्टिरिअरची कंडरा निकामी होऊन हळूहळू सपाट होत जाणाऱ्या पावलात हेच क्रमाने घडते : आधी कंडरा, मग तिच्या आधाराविना ताण सोसणारा हा बंध.

९ जुलै

बाहेरची बाजू झाली. येथे कमान ठेंगणी आहे आणि गतीपेक्षा आधारासाठी घडलेली आहे : कॅल्केनियस, त्याच्यापुढचे क्युबॉइड आणि चौथे-पाचवे मेटाटार्सल. कॅल्केनियस व क्युबॉइड यांच्या खालून दोन थर जातात. खोल असलेला शॉर्ट प्लांटार रुंद आणि आखूड; त्याच्यावरचा लाँग प्लांटार टाचेच्या तळापासून निघून क्युबॉइडच्या कंगोऱ्यावर आणि पुढे मधल्या मेटाटार्सलांच्या बुडापर्यंत पोहोचतो. लाँग प्लांटार आणि क्युबॉइडची खाच यांच्या मधल्या जागेतून पेरोनिअस लाँगस या पायाच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूची कंडरा तळपाय तिरका ओलांडते. स्नायू दाखवायचे नाहीत असे ठरले असले, तरी ही एक कंडरा लाल दोऱ्याने दाखवली, कारण तिच्यावाचून लाँग प्लांटार बंधाच्या पुढच्या तंतूंनी केलेला बोगदा अर्थहीन दिसतो. वरच्या बाजूला इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराचा बायफर्केट बंध कॅल्केनियसपासून एक शाखा नॅव्हिक्युलरकडे आणि दुसरी क्युबॉइडकडे पाठवतो.

टॅलोनॅव्हिक्युलर आणि कॅल्केनिओक्युबॉइड हे दोन सांधे मिळून पावलाला आडवी जाणारी एक रेषा होते. फ्रेंच शल्यविशारद फ्रान्स्वा शोपार यांच्या नावाने ती ओळखली जाते. एल्फ्टमन यांनी १९६० साली मांडलेले स्पष्टीकरण अजूनही वर्गात शिकवले जाते : टाच बाहेर कलंडलेली असताना या दोन सांध्यांचे अक्ष जवळजवळ समांतर होतात आणि पावलाचा मध्य मऊ पडतो, टाच आत वळली की अक्ष एकमेकांपासून फाकतात आणि मध्य कडक होतो. प्रारूपावर टाच दोन्ही बाजूंना कलवून पंजा वर-खाली केला, तर फरक हाताला निश्चित जाणवतो. तरीही पाऊल कडक होण्याचे सगळे श्रेय एकट्या या सांध्यांना द्यावे असे मला वाटत नाही. तळपायाचा पडदा (प्लांटार फॅशिया) आणि आडवी कमान यांचा हिशेब त्यात धरलाच पाहिजे.

१८ जुलै

टार्सल व मेटाटार्सल यांच्यामधील सांध्यांची रांग पूर्ण झाली. ही रांग जॅक लिस्फ्रांक यांच्या नावाने ओळखली जाते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ते याच रेषेतून पुढचा पंजा काढून टाकण्याची शस्त्रक्रिया करीत. मधले क्युनिफॉर्म आपल्या दोन्ही शेजाऱ्यांपेक्षा आखूड असल्याने दुसऱ्या मेटाटार्सलचे बूड त्या दोघांच्या मध्ये खुंटीसारखे अडकते. सबंध रांगेत हलायला सर्वांत नाखूश सांधा तो हाच.

पहिल्या आणि दुसऱ्या मेटाटार्सलच्या बुडांना एकत्र बांधणारा बंध नसतो. बाकीच्या चार मेटाटार्सलांची बुडे एकमेकांना बांधलेली आहेत, पण अंगठ्याकडचे मोकळे आहे. त्याऐवजी आतल्या क्युनिफॉर्मपासून दुसऱ्या मेटाटार्सलच्या बुडाकडे एक तिरका, जाड बंध जातो. तो लिस्फ्रांक बंध. प्रारूपात तो सोडला की बाह्यतः काहीच बिघडलेले दिसत नाही. पंजावर भार दिला की मात्र पहिल्या आणि दुसऱ्या हाडांत फट पडते. या दुखापतीच्या संशयात रुग्णाला उभे करून, पावलावर भार देऊन एक्स-रे का काढतात, याचे इतके स्वच्छ प्रात्यक्षिक हाती येईल अशी मला कल्पना नव्हती.

आडव्या कमानीचा अभ्यासही येथेच करायचा आहे. मधले आणि बाहेरचे क्युनिफॉर्म वर रुंद आणि खाली निमुळते असतात, त्यामुळे ती रचली की आपोआप बाक येतो. आतल्या क्युनिफॉर्मची रुंद बाजू मात्र खाली असते आणि ते कमानीच्या आतल्या पायथ्याचे काम करते. या बाकाकडे फार काळ दुर्लक्ष झाले. येल विद्यापीठातील मधुसूदन वेंकडेसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० साली दाखवून दिले की पावलाच्या लांबीच्या दिशेने असलेल्या ताठरपणाचा ४० टक्क्यांहून अधिक भाग आडव्या कमानीतून येतो. सपाट पत्रा एका टोकाला धरला तर लवतो आणि पन्हळी पत्रा लवत नाही, तेच तत्त्व येथे आहे : आडवा बाक असला की लांबीच्या दिशेने वाकवण्यासाठी आडव्या बंधांनाही ताणावे लागते. म्हणून प्रारूपात क्युनिफॉर्म आणि मेटाटार्सल यांना आडवे बांधणाऱ्या सगळ्या दोऱ्या निळ्या ठेवल्या आहेत, म्हणजे त्या एकत्रितपणे सैल करता येतील.

मेटाटार्सलांच्या डोक्यांशी ही कमान उरत नाही. उभे राहिल्यावर पाचही डोकी जमिनीला टेकतात आणि भार घेतात. त्यांना जोडणारा डीप ट्रान्सव्हर्स बंध अंगठ्यासकट पाचही हाडांना बांधतो. तळहातात हाच बंध अंगठ्याला बाहेर ठेवतो. हाताचा अंगठा इतर बोटांसमोर येऊ शकतो आणि पायाचा येत नाही, त्याचे एक कारण येथे आहे.

२७ जुलै

तळपायाचा पडदा, म्हणजे प्लांटार फॅशिया, बसवला. टाचेच्या तळाच्या आतल्या उंचवट्यापासून निघून तो पुढे पाच पट्ट्यांत विभागतो व बोटांच्या पहिल्या पेरांच्या बुडाशी संपतो. यासाठी खाटेची नवार घेतली. तिचे पुढचे टोक पाच पट्ट्यांत कापून त्याच काकांकडून कडा शिवून घेतल्या. अंगठ्याची पट्टी दोन्ही सेसमॉइडवरून नेली.

हिक्स यांनी १९५४ साली वर्णन केलेली यंत्रणा लगेच तपासली. अंगठा वर वळवला की पट्टी मेटाटार्सलच्या डोक्याभोवती गुंडाळली जाते, टाच आणि पंजा यांतील अंतर कमी होते, आणि कोणीही हात न लावता कमान उंचावते. टाच किंचित आत वळते आणि नडगीही बाहेर फिरते. चालताना टाच उचलण्याच्या क्षणी बोटे जमिनीवर मागे राहतात, तेव्हा हेच घडते, आणि मऊ असलेले पाऊल ढकलण्यासाठी कडक होते. लहान मुलाचे पाऊल सपाट दिसत असेल, तर उभ्या मुलाचा अंगठा हाताने वर करून कमान तयार होते का ते पाहतात, ते याच आधारावर.

कर आणि सहकाऱ्यांनी १९८७ साली शस्त्रक्रियेत काढलेल्या पावलांवर यंत्राने भार देऊन केलेल्या मोजणीचा उल्लेख फलकावर घ्यायचा आहे. ७० किलो वजनाचा माणूस सेकंदाला साडेचार मीटर वेगाने धावत असताना प्रत्येक पावलागणिक सुमारे १०० ज्यूल ऊर्जेची देवघेव होते. त्यातील सुमारे ३५ ज्यूल टाचेच्या कंडरेत आणि सुमारे १७ ज्यूल कमानीच्या बंधांत साठवली जाते, असा त्यांचा अंदाज होता. नवारीचे प्रारूप हे दाखवू शकत नाही, कारण ती ऊर्जा परत देत नाही. तेथे शब्दांनीच सांगावे लागेल.

५ ऑगस्ट

टाच आणि पंजा सरकू शकतील अशा गुळगुळीत काचेवर प्रारूप ठेवून, टिबियावर वाळूची पिशवी टांगून, एकेक बंध सोडत नॅव्हिक्युलरची उंची पाहिली. हुआंग आणि सहकाऱ्यांनी १९९३ साली मृतांच्या पावलांवर केलेल्या प्रयोगात कमान टिकवण्यात पहिला क्रमांक तळपायाच्या पडद्याचा, त्यानंतर प्लांटार बंधांचा आणि मग स्प्रिंग बंधाचा लागला होता. नुसता पडदा कापल्यावर कमानीचा ताठरपणा २५ टक्क्यांनी घटला. आमच्या प्रारूपातही नवार सोडल्यावर कमान खचली, पण कोसळली नाही. निळ्या दोऱ्या सैल केल्यावर ती लक्षणीय बसली. शेवटी स्प्रिंग बंधाचे स्क्रू काढले, तेव्हा टॅलसचे डोके काचेपर्यंत आले.

कोणताही एक बंध कमान सांभाळत नाही, आणि कोणताही एक गेला तरी इतर काही काळ भार वाटून घेतात. टाचदुखीसाठी पडदा शस्त्रक्रियेने पूर्ण कापण्यापूर्वी विचार का करावा लागतो, हे मी वर्गात याच क्रमाने सांगणार आहे.

१२ ऑगस्ट

पहिल्या वर्गासमोर प्रारूप ठेवले. सर्वाधिक प्रश्न सपाट पावलांवर आले. अनेकांना लहानपणी कमानीचे बूट घालायला सांगितले गेले होते. त्यांच्यासमोर उदय भास्कर राव आणि बेंजामिन जोसेफ यांचे १९९२ सालचे भारतातील सर्वेक्षण ठेवले : ४ ते १३ वर्षांच्या २,३०० मुलांत, पादत्राणे वापरणाऱ्यांपैकी ८.६ टक्के आणि न वापरणाऱ्यांपैकी २.८ टक्के मुलांची पावले सपाट आढळली. लहान वयात, बंध घट्ट होत असताना, पाऊल बंद बुटात कमीत कमी ठेवावे असे मत त्या अभ्यासातून पुढे आले, आणि ते मला पटते. अंगठा वर करून कमान उठत असेल आणि मुलाला दुखत नसेल, तर त्या पावलाला बहुधा कशाचीच गरज नसते.

पुढील वर्गासाठी सूचना : प्रात्यक्षिकापूर्वी स्प्रिंग बंधाचे दोन्ही स्क्रू आणि लिस्फ्रांकची आकडी तपासावी. सुती नवार पावसाळी हवेत ताण बदलते, म्हणून तिच्याऐवजी पॉलिस्टरची पट्टी आणायला मामांना सांगितले आहे. ती बसवल्यावर अंगठ्याची चाचणी पुन्हा करून मगच प्रारूप कपाटात ठेवावे.